युरोपियन कंपनी कायदा, दहा शनिवार, २८ हजार रुपये: वसूल झाले का?

आधी निकाल, मग कारणं. पाचपैकी साडेतीन. न्यायालयाचे निकाल वाचायला शिकायचं असेल तर डोळे मिटून पैसे भरा. सोमवारी सकाळी क्लायंटचं काम घेऊन बसायचं असेल, तर मात्र वर्ग करूनही तुम्ही नोटरीच्या दारात अडकाल. मी अडकले.

वर्गाचं नाव लिहीत नाही. हुतात्मा चौकापासून चालत पाच मिनिटं, जाळीच्या दाराची लिफ्ट, दुसरा मजला. लिफ्टमध्ये एका वेळी तीनच माणसं आणि चौथा चढला की लिफ्टमन सगळ्यांनाच उतरवतो. ज्यांना ओळखायचंय ते एवढ्यावरून ओळखतील.

मी कंपनी सेक्रेटरी, राहणार डोंबिवली, स्वतःची छोटी प्रॅक्टिस. चोवीस वर्षं मिनिट्स लिहिली, रिटर्न भरले, एमसीएचं, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाचं, पोर्टल बंद पडल्यावर ड्यू डेटच्या रात्री जागले. युरोपशी संबंध एकच. अंधेरीच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारे माझे एक जुने क्लायंट आहेत, त्यांना मी शेठ म्हणते. त्यांनी २००९ साली कुणाच्या तरी सल्ल्याने नेदरलँड्समध्ये एक बीव्ही काढली. बीव्ही म्हणजे आपली प्रायव्हेट लिमिटेड. जर्मन सीमेला लागून असलेल्या व्हेन्लोमध्ये गोदाम, दोन कर्मचारी. गिऱ्हाईक मात्र सगळं जर्मनीतलं. मागच्या वर्षी शेठ म्हणाले, "ताई, ही डच कंपनी जर्मन करून टाका ना. बंद नाही करायची, नवी नाही काढायची. हीच, फक्त जर्मन. दिवाळीपर्यंत."

मी "बघते" म्हटलं. आमच्या धंद्यात "बघते" म्हणजे मला येत नाही. त्याच आठवड्यात या वर्गाची जाहिरात आली.

फी २८ हजार, वर जीएसटी. दहा शनिवार, दुपारी अडीच ते साडेसहा. एक तास रविवारी ढकलला, तोही मेगाब्लॉकच्या रविवारी. ठाण्याला धीम्या गाडीत उभी राहून मी लक्झेंबर्गच्या कोर्टाचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या न्यायालयाचा, निकाल वाचत होते. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, "केस चालू आहे का तुमची?"

शिकवणारे सर मराठी, साठीच्या पुढचे, बरीच वर्षं रॉटरडॅममध्ये वकिली करून परत आलेले. आवाज बारीक, माइक खराब. पण माणूस निकाल असा उलगडतो की शेजारच्या इमारतीतलं भांडण सांगतोय असं वाटावं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि दहा शनिवार तो पुसू दिला नाही: कंपनी कुठली? जिथे नोंदली तिथली, की जिथून चालते तिथली?

इंग्लंड, नेदरलँड्स म्हणतात, जिथे नोंदली तिथली. जर्मनी वर्षानुवर्षं म्हणत होता, तुमचं खरं मुख्यालय दाखवा, जिथे निर्णय होतात ते. कागदावरच्या पत्त्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आणि युरोपीय कराराने तर कंपन्यांना कुठल्याही सदस्य देशात जाऊन बस्तान बसवायचं स्वातंत्र्य दिलेलं. या तिघांचं भांडण म्हणजे हा अख्खा विषय.

सेंट्रॉसचा निकाल (९ मार्च १९९९) सरांनी दोन तास शिकवला आणि ते दोन तास माझ्या फीचे निम्मे पैसे. डेन्मार्कमधलं एक जोडपं. डेन्मार्कमध्ये कंपनी काढायला तेव्हा दोन लाख क्रोनरचं भांडवल लागायचं. यांनी इंग्लंडमध्ये शंभर पौंडांची कंपनी नोंदवली, इंग्लंडमध्ये एका पेनीचा धंदा केला नाही, आणि डेन्मार्कमध्ये जाऊन म्हणाले, आमच्या इंग्लिश कंपनीची शाखा नोंदवा. डॅनिश अधिकारी म्हणाले, ही शाखा कसली, हेच तुमचं दुकान. भांडवल चुकवायचा डाव आहे. सरांनी वर्गाला विचारलं, तुम्ही अधिकारी असता तर? सव्वीस जणांपैकी बावीस हात डॅनिश अधिकाऱ्यांच्या बाजूने वर गेले. माझाही.

कोर्टाने उलटं ठरवलं. ज्या देशाचे नियम सोयीचे तिथे कंपनी काढून दुसरीकडे धंदा करणं, एवढ्यानेच लबाडी होत नाही; तेच तर ते स्वातंत्र्य. मला बांद्र्याच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या दमण पासिंगच्या महागड्या गाड्या आठवल्या. गाडी मुंबईची, मालक मुंबईचा, नंबर दमणचा. आपलं आरटीओ असल्या गाड्यांना अडवून कर मागतं. लक्झेंबर्गच्या कोर्टाने सांगितलं, नंबर खरा आहे ना? मग जाऊ द्या. ठोस फसवणूक दिसली तर जरूर पकडा, पण नुसता बाहेरचा नंबर बघून नाही. मी हे वर्गात बोलले. सरांनी ते पुढच्या शनिवारी स्वतःचं उदाहरण म्हणून वापरलं. असो.

त्यानंतर २००२ चा युबरझेरिंग. डच कंपनी, जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जागा, तिथल्या गॅरेज आणि मोटेलच्या कामात रंग नीट लागला नाही म्हणून कंत्राटदारावर दावा. तोवर तिचे सगळे शेअर दोघा जर्मनांनी घेतलेले. जर्मन कोर्टं म्हणाली, तुमचं खरं मुख्यालय आता जर्मनीत, पण इथे तुम्ही नोंदलेल्या नाही, म्हणजे आमच्या लेखी दावा लावायला तुम्ही अस्तित्वातच नाही. लक्झेंबर्गने तेही मोडून काढलं. २००३ चा इन्स्पायर आर्ट पाठोपाठ आला आणि जर्मनीत इंग्लिश लिमिटेड कंपन्यांचं पीक आलं. मग २००८ मध्ये जर्मनीने स्वतःच एक युरोच्या भांडवलात निघणारी छोटी कंपनी बाजारात आणली. पुढे ब्रेक्झिट झालं, २०२० संपलं, आणि जर्मनीतून चालणाऱ्या त्या इंग्लिश लिमिटेडांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. हा भाग सरांनी दहा मिनिटांत उरकला. इथे मी अर्धा गुण कापला, कारण कागदावरचा पत्ता एक दिवस कसा अंगावर येतो हे यातूनच कळतं.

माझ्या शेठचं काम सहाव्या शनिवारी आलं: कंपनी देश बदलते तेव्हा. २००८ च्या कार्टेसिओमध्ये हंगेरीतल्या बाजा गावच्या एका भागीदारी संस्थेला इटलीत गालाराते गावी मुक्काम हलवायचा होता, पण कायदा हंगेरीचाच ठेवून. कोर्ट म्हणालं, जन्म देणाऱ्या देशाला नको म्हणायचा हक्क आहे. मात्र तुम्ही दुसऱ्या देशाच्या कायद्याखालची कंपनी होऊन जात असाल तर त्याने वाट अडवू नये. २०१२ च्या व्हालेमध्ये रोमची कंपनी हंगेरियन व्हायला निघाली आणि कोर्टाने हंगेरीला दार उघडायला लावलं. २०१७ च्या पोल्बुडमध्ये पोलिश कंपनीला लक्झेंबर्गला जायचं होतं आणि पोलंड म्हणत होता, आधी कंपनी गुंडाळा, अवसायन पूर्ण करा, मगच नोंद काढू. कोर्टाने ते चालू दिलं नाही.

सरांनी समजावलं, "मुलगी सासरी जाते. आडनाव बदलतं, घरचे नियम बदलतात. पण व्यक्ती तीच. तिने केलेले करार, तिचं कर्ज, तिच्यावरचे दावे, सगळं तिच्याबरोबर जातं."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आता आडनाव कोण बदलतं?"

"आणि कर्ज घेऊन सासरी?" दुसरी.

सर गोंधळले, चष्मा पुसला, म्हणाले, "बरं, उदाहरण जुनं झालं. पण पोलंडचं म्हणणं काय होतं बघा: आधी मुलीचं तेरावं घाला, मग पाठवणी करू." त्यावर वर्ग जो हसला तो पुन्हा जागेवर यायला पाच मिनिटं गेली. पोल्बुड मी आता जन्मात विसरणार नाही.

या निकालांना धरून युरोपने २०१९ मध्ये निर्देश काढला, क्रमांक २०१९/२१२१. सीमेपलीकडचं रूपांतर, विलीनीकरण आणि विभाजन, तिन्ही त्यात. देशांनी तो ३१ जानेवारी २०२३ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा होता. जर्मनीने मार्चमध्ये आणला, नेदरलँड्सने सप्टेंबरमध्ये. ड्यू डेट हुकवणारे फक्त आपणच नाही हे कळल्यावर मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सरांची या भागाची नोट छान आहे, आजही माझ्या टेबलावर असते. रूपांतराचा मसुदा सभेच्या किमान एक महिना आधी जाहीर करायचा. संचालकांचा अहवाल सहा आठवडे आधी. धनकोंना मसुदा जाहीर झाल्यापासून तीन महिने, आपल्या पैशाला धोका आहे असं वाटलं तर संरक्षण मागायला. विरोधात मत दिलेल्या सभासदाला योग्य मोबदला घेऊन बाहेर पडायचा हक्क. मग जुना देश सगळं तपासून प्रमाणपत्र देतो की यांचं इथलं सगळं नियमानुसार झालंय. आपल्या सोसायटीचा ना-हरकत दाखला म्हणा. त्यालाही तीन महिने, संशय आला तर आणखी तीन. मी त्याच संध्याकाळी सीएसएमटीवरून शेठना फोन केला: दिवाळी विसरा, होळी धरा.

एकच भागधारक असेल तर स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल लागत नाही, हेही त्या नोटेत होतं. शेठच्या बीव्हीचे सगळे शेअर मुंबईच्या कंपनीकडे. या एका ओळीने जो खर्च वाचला, त्यापुढे माझे २८ हजार काहीच नाहीत. व्हेन्लोच्या दोन कर्मचाऱ्यांसाठी मात्र अहवाल लिहावा लागला. दोन माणसांसाठी अख्खा अहवाल! मीच मसुदा केला, त्यातल्या एकाने तो वाचून प्रश्न विचारला: माझा पगार कुठल्या बँकेतून येणार?

कामगारांचा विषय निघालाच आहे तर सातव्या शनिवारबद्दल लिहायलाच हवं, क्लायंटच्या कामाला त्याचा काही उपयोग नसला तरी. सर जर्मनीबद्दल सांगत होते. तिथे १९७६ च्या कायद्याने दोन हजारांपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या. पाचशेच्या वर असतील तर एक तृतीयांश. शेजारी बसलेला बँकेतला मुलगा म्हणाला, "युनियनवाले बोर्डावर? धंदा कसा चालतो मग?"

माझे बाबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. गिरणीचं बोर्ड म्हणजे काय, ते कुठे बसतं, काय ठरवतं, हे आमच्या चाळीत एकाही माणसाला माहीत नव्हतं. गेटवर नोटीस लागायची, बस. आणि त्याच्या सहा वर्षं आधी एका देशाने कायदा करून कामगाराला त्या टेबलावर खुर्ची दिली होती. मी चोवीस वर्षं बोर्डाची मिनिट्स लिहितेय. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की त्या खोलीत आणखी कोण बसू शकलं असतं.

सरांनी दुसरी बाजूही सांगितली. २००४ पासून युरोपात एसई नावाची कंपनी काढता येते. हिचा सांगाडा युरोपीय कायद्याचा, किमान भांडवल एक लाख वीस हजार युरो. आलियान्झ, बीएएसएफ, एसएपी या सगळ्या एसई. बऱ्याच जर्मन कंपन्या कामगारांची संख्या दोन हजारांवर जायच्या आधीच एसई होतात, म्हणजे बोर्डावरचा कामगारांचा वाटा आहे तिथेच गोठतो. कायदा माणसाने केला की पळवाटही माणूसच काढतो. बँकेतल्या मुलाने ही ओळ अधोरेखित केली, मी पाहिलं.

आता तक्रार. माझा दीड गुण मुख्यतः इथे गेला.

नवव्या शनिवारचं नाव होतं "प्रत्यक्ष कामकाज". अर्धा वेळ युरोपच्या डिजिटल बदलांवर गेला: २०१९ च्या दुसऱ्या निर्देशानुसार ऑनलाइन कंपनी पाच दिवसांत कशी निघते, २०१७ पासून सगळ्या देशांची कंपनी रजिस्टरं कशी जोडली आहेत. छान आहे, पण ते त्यांच्या आपापसातलं. मुंबईच्या कंपनीचा कागद तिकडे कसा चालवायचा यावर सरांनी एकच वाक्य सांगितलं: "ॲपॉस्टिल करून पाठवायचं."

मी विश्वास ठेवला. शेठच्या कंपनीचा बोर्ड ठराव आणि दोन मुखत्यारपत्रं, एक डच नोटरीसाठी, एक जर्मन वकिलासाठी. आधी नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला. एजंटची फी, कुरिअर, तीन आठवडे. डच नोटरीने "धन्यवाद" लिहिलं. जर्मन नोटरीने दोन ओळींत परत पाठवलं.

कारण असं. भारत २००५ पासून ॲपॉस्टिलच्या हेग करारात आहे, पण जर्मनीने आपल्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे. म्हणून आपल्या दोन देशांमध्ये तो करार लागूच नाही. आपलं ॲपॉस्टिल जर्मनीत एक सुंदर स्टिकर आहे, बाकी काही नाही. शेवटी अपॉइंटमेंट घेऊन शेठना नरिमन पॉइंटच्या जर्मन वाणिज्य दूतावासात नेलं, तिथल्या अधिकाऱ्यासमोर त्यांनी सही केली, सही प्रमाणित झाली. सहीला पाच मिनिटं. आधीचे तीन आठवडे आणि एजंटचे पैसे माझ्या खात्यावर, कारण ते शेठच्या बिलात लावायची लाज वाटली.

दहा शनिवारांत आम्ही बाजा आणि गालाराते नकाशावर शोधली. नरिमन पॉइंटला कधी जावं लागतं ते कुणी सांगितलं नाही. आणि दोन जागी शोधूनही नोटेत नसलेली आणखी एक गोष्ट: जुन्या डच नियमाने शेठच्या बीव्हीचं भांडवल १८ हजार युरो होतं. जर्मन जीएमबीएचला, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेडला, २५ हजार लागतं. नव्या घरचा उंबरठा उंच असेल तर तो चढूनच जावं लागतं. हे मला जर्मन वकिलाच्या ईमेलमधून कळलं, वर्गातून नाही.

शेवटचा शनिवार मात्र पुन्हा वर्गाची लाज राखणारा. जेट एअरवेज. एप्रिल २०१९ मध्ये विमानं थांबली. २१ मे ला नेदरलँड्सच्या कोर्टाने कंपनीला तिकडे दिवाळखोर ठरवलं. २० जूनला आपल्या मुंबईच्या एनसीएलटीने, म्हणजे कफ परेडच्या कंपनी न्यायाधिकरणाने, इथला अर्ज दाखल करून घेतला आणि डच आदेशाला काडीची किंमत दिली नाही. अपील न्यायाधिकरणाने डच विश्वस्ताला चर्चेत घेतलं आणि २६ सप्टेंबरला दोन्हीकडच्या प्रशासकांमध्ये सहकार्याचा आराखडा मंजूर झाला, त्यात मुख्य कार्यवाही भारतातली. सगळा हस्तिदंती वाटणारा प्रश्न, "कंपनी कुठली?", एकदम कफ परेडला येऊन बसला. सरांनी इथे एक गंमतही सांगितली, आम्हा सेक्रेटरींनाच कळेल अशी: आपल्या कंपनी कायद्याचं कलम २३४ परदेशी कंपनीशी विलीनीकरणाचं, आणि दिवाळखोरी संहितेचं कलम २३४ परदेशांशी करारांचं. एकच आकडा, दोन्ही वेळा सीमा. पहिलं एप्रिल २०१७ पासून लागू आहे, रिझर्व्ह बँकेचे नियम २०१८ पासून. पण त्यात फक्त विलीनीकरण. व्हेन्लोची बीव्ही जशी अंग तेच ठेवून देश बदलते, तसं अंधेरीच्या कंपनीला करता येत नाही.

वर्गात एक बाई होत्या, पूर्वी जेटच्या ग्राउंड स्टाफमध्ये, आता एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. सर नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अवसायनाच्या आदेशापर्यंत आले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, यात आमच्या पगाराचा क्रमांक कितवा?" सरांनी फळ्यावर देणेकऱ्यांची उतरंड काढली. त्या लिहून घेत होत्या.

बाकी किरकोळ. एसी जोरात, शाल न्या. नोट्सची झेरॉक्स स्वच्छ, पण १४१ ते १४८ पानं दोनदा. कराचा एकच तास, तोही घाईत; कर हवा असेल तर दुसरीकडे जा. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले, अजून देतायत. चहा थर्मासमधला आणि त्याबद्दल न बोललेलं बरं. चार वाजता खाली उतरून टपरीवरचा घ्या.

शेठच्या कामाचं म्हणाल तर डच नोटरीचं प्रमाणपत्र मिळालं, कागद जर्मनीच्या रजिस्टर कोर्टात आहेत. मी इथल्या बँकेला कळवायला गेले, कारण परदेशी गुंतवणुकीची नोंद त्यांच्याकडे. काउंटरवरच्या मुलाने फाइल चाळली आणि विचारलं, "मॅडम, ही नवी कंपनी की जुनीच? म्हणजे मी ही कुठली लिहू?" मी पर्समधून सरांची सहाव्या शनिवारची नोट काढली.

वर्गाच्या चालकांना मी ॲपॉस्टिलबद्दल सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: पुढच्या बॅचला नवव्या शनिवारी तुम्हीच अर्धा तास घ्याल का, मानधन नाही, प्रमाणपत्र देऊ. मी हो कळवलंय. तोपर्यंत माइक बदला, एवढंच खाली लिहिलं.